कच्चं बाहेर जात नाही

बैठक दहाची होती आणि दादा साडेनऊलाच मधल्या खुर्चीत जाऊन बसले होते. त्यावरूनच थोरलीने ओळखलं, की निकाल घरून ठरवून आणलाय, आता फक्त माना डोलवायला माणसं हवी आहेत. तीस वर्षं त्यांच्याशी संसार केल्यावर एवढं न कळायला ती काही दुधखुळी नव्हती.

रविवार, म्हणून पॅकिंगच्या खोलीतली यंत्रं बंद होती. लांबलचक स्टीलच्या टेबलावरच्या बरण्या एका टोकाला सारून चौघांपुरती जागा केली होती. मेणाचा आणि तेलाचा जुना वास भिंतींत मुरलेला. खिडकीतून अंगणापलीकडचं काचघर दिसत होतं, त्यात रुंद पानांच्या रोपांच्या सहा रांगा, आणि दारावर धाकट्याच्या मुलीने चिकटवलेली पाटी : हात धुऊन आत या. ते काचघर ठेवायचं की पाडायचं, हे आज ठरायचं होतं.

थोरलीच्या डोक्याला नेहमीसारखा सुती रुमाल होता. त्याखाली कपाळापासून उजव्या कानामागून मानेपर्यंत उतरलेला भाजल्याचा व्रण होता. सतरा वर्षांपूर्वी याच कारखान्यातली मलमाची कढई उतू गेली, तेव्हाचा. घरात त्या प्रसंगाची एकच हकीकत चालत आली होती : तिचं लक्ष नव्हतं, ती फार जवळ उभी होती. सासऱ्यांनी जाण्यापूर्वी कारखान्याचा चौथा हिस्सा तिच्या नावावर केला, तेव्हाही म्हणाले होते, "पोरीचं लक्ष नव्हतं खरं, पण भोगलं फार." एका वाक्यात हिस्साही पदरात पडला आणि ठपकाही.

"सगळे आलेत, सुरू करू," दादा म्हणाले.

सगळे म्हणजे चार मतं. दादा स्वतः, माल शिजवणारे. धाकटा भाऊ, माल विकणारा, गोडबोल्या. त्यांची मधली बहीण ताई, एका शाळेची मुख्याध्यापिका, जी कारखान्यात वर्षातून दोनदा येई आणि दोन्ही वेळा सगळ्यांना रांगेत उभं केल्यासारखी बघे. आणि थोरली. धाकट्याची मुलगी फाईल घेऊन भिंतीशी उभी होती. तिला मत नव्हतं, पण आरोपी तीच होती.

घरात तिला 'पालेवाली' म्हणत. जीवशास्त्रात मोठी पदवी घेऊन आली आणि काय करते, तर पाला वाढवते, म्हणून. तिचं काम मात्र पोरखेळ नव्हतं. जखम भरायला आणि केसाचं मूळ जागं करायला शरीर स्वतःच एक प्रथिन बनवतं. ते हिने रोपांच्या पानांत बनवून घेतलं होतं. पानं वाटायची, गाळायची, त्यातून ते प्रथिन वेगळं काढायचं, आणि कातडीतून आत शिरता यावं म्हणून त्याला एक लहानशी शेपटी जोडायची. सुई नाही, गोळी नाही, नुसतं मलम चोळायचं. "व्रणाच्या मध्यावर मुळंच उरलेली नाहीत, काकू, तिथं मी खोटं सांगणार नाही," ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. "पण काठावर आहेत. झोपलीत."

आणि ती जागी झाली होती. पहिलं मलम पोरीने स्वतःच्या खोलीत चिमुकल्या बाटल्यांत केलं होतं, एकट्या थोरलीसाठी. सहाव्या आठवड्यात कानामागची ताठलेली कातडी चिमटीत येऊ लागली. नवव्या आठवड्यात तिथं बोट फिरवलं तर काहीतरी मऊ लागलं. थोरलीने आरशासमोर दुसरा आरसा धरून पाहिलं. बाळाच्या पाठीवर असते तशी लव होती. त्या दिवशी ती न्हाणीघराचं दार लावून रडली, आणि बाहेर येऊन डोळ्यांत साबण गेला म्हणाली.

मग इस्पितळाच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी परवानगी मिळवली, आणखी बारा जणांची नावं दिली. बारा जणांना पुरेल एवढं मलम करायला मोठं भांडं हवं होतं, ते कारखान्यात होतं. दुसरा माल तिथं झाला. त्याला आता चार महिने लोटले होते.

"चार महिने," दादा नेमकं तेच म्हणाले. "तेरा माणसं. निकाल शून्य. डॉक्टरीणबाईंचं पत्र आलंय, फोटो आलेत. कुणाला काडीचा फरक नाही. हौस झाली, कौतुक झालं. आता ती जागा मोकळी करावी आणि बरण्या भरायचं नवं यंत्र तिथं बसवावं, असं माझं म्हणणं आहे."

"पण काकूंना पहिल्या मालाने फरक पडला होता," पालेवाली म्हणाली.

"आणि दुसऱ्याने तो गेला. ते कसं?"

 पोरगी फाईलच्या कडेवरून नख फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी सगळं तपासलंय, काका. पानं ठीक, प्रथिन ठीक, शेपटी ठीक. एकच शक्यता राहते. लोक नियमित लावत नसावेत. पहिला उत्साह ओसरला की माणसं टाळाटाळ करतात."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माणसं म्हणजे कोण?"

"काकू, मी तुमच्याबद्दल—"

"माझ्याबद्दलच. तीन महिने तू हेच विचारतेयस. काकू, खरं सांगा, रोज लावता ना? काकू, साबणाने तर धूत नाही ना? खुणा करायला कॅलेंडर दिलंस मला. पहिलीतल्या पोराला देतात तसं. एकशे अठरा खुणा आहेत त्यावर. एकही दिवस सुटलेला नाही. ताप होता त्या दिवशीसुद्धा लावलं."

"मग काय झालं असेल, ते तुम्हीच सांगा ना!" पोरीचाही आवाज चढला. वर्षभराची मेहनत डोळ्यांदेखत चालली होती, तिलाही दुसऱ्यावर खापर फोडायला डोकं हवं होतं.

"सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आधीच्या मलमाला नुकत्या कापलेल्या गवताचा वास होता. या मलमाला शिजलेल्या पाल्याचा वास आहे. तू काय म्हणालीस? पानांचा वास बदलतो, काकू. शिकलेल्या माणसापुढे आमच्या नाकाला कोण विचारतो!"

दादांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "वासावर चर्चा करायला आपण जमलेलो नाही. मतं घेऊ."

"थांब," ताई म्हणाली. वर्गात मागच्या बाकावरची कुजबुज पकडावी तशी तिने मान वळवली. "शिजलेला वास का येईल? ते शिजवतात का?"

"छे, आत्या! अंगाच्या उबेपेक्षा जास्त ऊब लागली तर मरतं ते. भांड्यावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलं होतं मी."

धाकटा इतका वेळ बोटांनी टेबलावर ताल धरून बसला होता. त्याची बोटं थांबली. तो हसत हसत म्हणाला, पण ते हसू ओठांपुरतंच होतं, "दादा, दुसरा माल तुझ्या खोलीत घोटला ना रे?"

"मग? संशय घेतोस?" दादा उसळले. अपमान झाला की त्यांची मान आधी लाल व्हायची आणि मग तोंड चालायचं. "चाळीस वर्षं या घरचा माल माझ्या हातून जातोय. बाबांनी शिकवलं ते मी सोडलेलं नाही. या कारखान्यातून कच्चं कधी बाहेर गेलं नाही, आणि तेही गेलं नाही!"

बोलून गेले आणि मग स्वतःचंच वाक्य त्यांच्या कानांवर पडलं.

तीन कढ. नवा कामगार कामावर आला की त्याला सगळ्यात आधी हे शिकवत. तेल असो, मेण असो, पाल्याचा अर्क असो, तीन कढ आल्याशिवाय बरणीचं झाकण लावायचं नाही. सासऱ्यांचा नियम. त्या नियमावर हे घर उभं राहिलं होतं. या कारखान्यात 'कच्चा' ही शिवी होती.

"किती?" पालेवालीने विचारलं. तिचा आवाज ऐकू येईल न येईल इतका बारीक झाला होता.

"एकच," दादा म्हणाले. "तीन नाही दिले. तुझा मान राखला. एकच कढ दिला, तोही मंद जाळावर."

"अंडं उकडायलाही एकच कढ लागतो, काका. मग ते कोंबडीखाली कितीही दिवस ठेवा."

धाकट्याने कपाळाला हात लावला. ताईने चष्मा काढून टेबलावर ठेवला.  थोरलीच्या डोळ्यांपुढे रोजची सकाळ आली : बोटावर दाण्याएवढं मलम घ्यायचं, आरसा धरायचा, कानामागून मानेपर्यंत हलक्या हाताने जिरवायचं. एकशे अठरा सकाळी. उकडलेलं अंडं.

"तुम्हाला माहीत होतं, की ऊब द्यायची नाही?" तिने नवऱ्याला विचारलं.

"अगं, माहीत होतं, पण—"

"पण काय?"

दादांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "तुझ्या जखमेत पू झाला होता, आठवतं? चाळीस दिवस तू इस्पितळात होतीस. डॉक्टर म्हणाले होते, बाहेरची घाण गेली आत. आणि ही पोरगी पानं वाटून काढलेला कच्चा रस त्याच डोक्यावर चोळायला देते. थोडा होता तोवर मी काही बोललो नाही. पण मोठ्या भांड्यात तो हिरवा रस पाहिला आणि माझा धीर सुटला. हात आपोआप शेगडीकडे गेला."

ते खरं होतं. थोरलीला कळलं, की ते खरं आहे. चाळीस दिवस हा माणूस इस्पितळाच्या बाकावर झोपला होता, हेही खरं होतं. क्षणभर तिला त्यांची दया आली, आणि दया आली याचाच तिला जास्त राग आला.

"भ्यायलात, म्हणून उकळलंत. बरं. ते मी समजू शकते," ती म्हणाली. "नंतरचं सांगा."

"नंतरचं काय?"

"पहिल्याच महिन्यात लव गळली. मी तुम्हाला दाखवली. तुम्ही बोट लावून पाहिलंत. तेव्हा तुम्हाला कळलं नाही?"

"मला वाटलं, मुळात त्यात काही दम नसेल."

"तेव्हा सांगता आलं असतं, की मी कढ दिलाय. एक वाक्य. ही पोरगी माझ्यासमोर बसून मला चोरासारखं विचारत होती, तुम्ही शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होतात. मूग गिळून."

"नवं यंत्र कधी ठरवलंस, दादा?" धाकट्याने मध्येच विचारलं. विकणारा माणूस, त्याला तारखा बरोबर आठवतात. "तो नकाशा काढणारा येऊन काचघर मोजून गेला, त्याला दोन महिने झाले. म्हणजे निकाल वाईट लागणार, हे तुला डॉक्टरीणबाईंच्या आधी ठाऊक होतं."

"माझ्यावर आळ घेऊ नकोस! जाणूनबुजून मी काही केलेलं नाही."

"केलं नाहीस. होऊ दिलंस."

ताईने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. आज ती दादांच्या बाजूने मत द्यायला आली होती. तसा शब्द दिला होता तिने, हे थोरलीला ती आत आली तेव्हाच दिसलं होतं. वहिनीच्या नजरेला नजर देत नव्हती. आता ती सरळ भावाकडे बघत म्हणाली, "मला फोनवर तू काय सांगितलंस, ते सांगू यांना?"

"ताई, घरातल्या गोष्टी—"

"घरातच सांगतेय. म्हणालास, वहिनीसुद्धा कंटाळलीय या प्रकाराला. म्हणालास, तिचं लक्ष नसतं, लावायलाच विसरते."

धाकट्याने झटकन दादांकडे पाहिलं. 

तिचं लक्ष नसतं. सतरा वर्षं थोरलीने हे वाक्य ऐकलं होतं. पाहुण्यांना सांगताना, डॉक्टरांना सांगताना, नव्या सुनांना कढईपासून लांब उभं राहायला शिकवताना. ऐकून ऐकून कधी कधी तिलाही वाटायचं, नसेलच आपलं लक्ष. आणि आता त्याच वाक्याला नवं झाकण लावून हा माणूस पुन्हा विकायला निघाला होता.

ती उभी राहिली. उभं राहून बोलायची तिची रीत नव्हती, म्हणून सगळेच दचकले.

"त्या दिवशी जाळ कुणी मोठा केला होता?"

"जुनं उकरू नकोस," दादा म्हणाले.

"कुणी केला होता?"

"अगं, सतरा वर्षं झाली त्याला!"

"झाली ना? मग आता सांगायला काय हरकत आहे? मी सांगते. सकाळी माल पोचवायचा होता, उशीर झाला होता. तुम्ही दोन्ही शेगड्या पूर्ण सोडल्यात आणि फोन आला म्हणून बाहेर गेलात. मी बरण्या पुसत होते, तिकडे, त्या दाराशी. कढई वर येताना दिसली. मी शेगडी बंद करायला धावले. मी जवळ उभी नव्हते. माझं लक्ष नव्हतं असं नाही. त्या खोलीत एकटं माझंच लक्ष होतं!"

शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फाटला. पालेवालीने पुढे होऊन तिचा हात धरला. थोरलीने तो सोडवून घेतला.

"वहिनी, इतकी वर्षं बोलली का नाहीस?" ताईने विचारलं.

"आधी चाळीस दिवस तोंडच उघडता येत नव्हतं. उघडता आलं, तोवर हकीकत गावभर झाली होती. सासरे घाबरलेले, हे खचलेले. म्हटलं, जाऊ दे, माणूस मोडायला नको. माणूस मोडला नाही. त्याला सवय लागली."

दादांची मान आता लाल नव्हती. ते टेबलाकडे बघत होते. धाकट्याने घसा खाकरला. इतका वेळ तो रागावलेला होता, पण राग फार वेळ धरून ठेवणं त्याच्या धंद्याला परवडणारं नव्हतं.

"बरं, आता पुढचं बघू," तो म्हणाला. "काचघर राहतं. माझं मत तेच."

"माझंही," ताई म्हणाली.

"छान. म्हणजे पोरी, तू नवा माल कर, या वेळी तुझ्या खोलीत, थोडा थोडा. त्या बारा जणांना पाठवून देऊ. सुधारित मलम म्हणून."

"सुधारित?" थोरलीने विचारलं.

"म्हणायचं आपलं. वहिनी, आपल्या घरच्या मालाला एक नाव आहे. मालकानेच औषध उकळून मारलं, हे बाहेर गेलं तर उद्या कोण दारात उभं करेल? डॉक्टरीणबाईंना हळूच सांगू, त्या समजून घेतील. बाकीच्यांना कशाला? त्यांचं काही बिघडलेलं नाही. नुसतं गुण आला नाही, एवढंच."

"तसं तो म्हणतो त्यात तथ्य आहे," दादा मान वर करून पटकन म्हणाले. पाच मिनिटांपूर्वी एकमेकांच्या नरड्याला लागलेले दोघे भाऊ एका ओळीत येऊन बसले. नाव म्हटलं की या घरात सगळी भांडणं मिटतात, हे थोरलीने लग्नाच्या पहिल्या वर्षीच पाहिलं होतं. तिने ताईकडे पाहिलं. ताईने खिडकीबाहेर पाहिलं. शेवटी तिने पोरीकडे पाहिलं, आणि पोरीनेही खाली मान घातली.

"तूसुद्धा?"

"काकू," पालेवाली अडखळत म्हणाली, "मी त्या सगळ्यांना फोन केले होते. महिन्यापूर्वी. विचारलं होतं, रोज लावता ना म्हणून. दोघांना तर जरा बोललेसुद्धा. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"आणि कारखान्यातून माल आल्यावर तू तो पुन्हा तपासला नव्हतास?"

"नाही. बाहेरून आला असता तर तपासला असता. घरचाच होता ना."

थोरली हसली. फार कडू हसली. घरचाच होता! मारणारा घरचा, झाकणारा घरचा, तपास न करणारी घरची. आणि दोष मात्र ज्याच्या कातडीवर लावलं त्याचा.

"माझं मत मी अजून दिलेलं नाही," ती म्हणाली.

"वहिनी, तुझं मत सांगायला हवं का? तुझ्याच डोक्यासाठी तर—" धाकटा म्हणाला.

"बाबांनी लिहून ठेवलंय. चारांत तीन मतं एका बाजूला पडली तर तसं, दोन-दोन पडली तर थोरल्या मुलाचं चालेल. तुमची दोन आहेत. तिसरं माझं. ते हवं असेल तर हे आत्ता, इथं बसून, त्या बाराही जणांना फोन करतील. स्वतःच्या तोंडाने सांगतील काय केलं ते. सगळ्यांसमोर. नाहीतर मी यांच्या बाजूने हात वर करते. पाडा काचघर, बसवा यंत्र."

"काकू!" पोरगी ओरडलीच. "तुमची लव पुन्हा येईल! मला खात्री आहे. तुम्ही स्वतःच्या हाताने—"

"माझ्या डोक्याचं मी बघेन. सतरा वर्षं बघतेच आहे."

"हा हट्ट आहे," दादा म्हणाले.

"असेल."

"मला वेठीला धरतेयस तू."

"हो. धरतेय."

ती मागे हटणार नाही, हे आधी ताईला कळलं. तिने पोरीच्या हातातली फाईल घेतली, उघडली, नावांचा कागद काढून दादांसमोर सरकवला. "मुलं चूक करतात तेव्हा मी आईबापांना सांगते, की त्याचं त्याला बोलू द्या," ती म्हणाली. "बोल, दादा."

टेबलावरचा फोन थोरलीने स्वतः ओढला. पहिला आकडा तिनेच लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज मोठा केला. कागदावर लिहिलं होतं : शिवणकाम करणारी, वय एकोणतीस, डोक्यावर तीन ठिकाणी चट्टे, भाजल्याचे.

चौथ्या घंटेला फोन उचलला गेला. मागे शिलाई यंत्राची घरघर होती, ती थांबली.

"हॅलो?"

दादांनी ओठांवरून जीभ फिरवली. "मी मलमाच्या कारखान्यातून बोलतोय. मालक."

"हं, बोला. म्हणजे, मी रोज लावते हो," पलीकडची बाई घाईघाईने म्हणाली. "त्या ताईंनी विचारलं होतं तेव्हाही सांगितलं मी. एक दिवस चुकवलेला नाही. खरंच. वाटलं तर माझ्या सासूला विचारा. पण माझीच कातडी खराब असेल, काही लागूच होत नाही. तुम्ही माझं नाव काढून टाकताय का?"

पालेवाली भिंतीकडे वळली.

"नाही, नाही," दादा म्हणाले. "तसं नाही. त्याचं असं आहे, की मलमात जरा… बनवताना एक चूक झाली."

थोरलीने टेबलावर हात आपटला. बरण्या खणखणल्या. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. दादांनी डोळे मिटले.

"चूक मी केली," ते म्हणाले. "मलम उकळायचं नव्हतं. मला सांगितलेलं होतं. तरी मी उकळलं. त्यातलं औषध मेलं. आणि मला अंदाज आला होता, तरी मी गप्प बसलो. तुम्हाला गुण आला नाही, त्यात तुमची काही चूक नाही."

 फोन कटला की काय, म्हणून धाकटा वाकून बघू लागला.

"म्हणजे माझ्या कातडीत काही खोट नाही?" पलीकडून आवाज आला.

"नाही."

"चार महिने मी…" ती थांबली. मग तिच्या आवाजात जे आलं ते रडू नव्हतं. "चार महिने मी रोज सकाळी आरशासमोर स्वतःला शिव्या घालत होते. तुम्हाला अंदाज होता आणि तुम्ही सांगितलं नाहीत? कोण माणूस आहात हो तुम्ही?"

  बाईने फोन ठेवला.

धाकट्याने कधी नव्हे ते गोड बोलायला काही शोधलं नाही. पालेवालीने भिंतीकडेच तोंड ठेवून डोळे पुसले आणि म्हणाली, "यांच्यानंतर मी पण बोलेन. प्रत्येकाशी."

दादा बायकोकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते. टेबलावरून हात पुढे करत ते म्हणाले, "ऐक ना. तुला मी—"

थोरलीने कागद त्यांच्या हाताखाली सरकवला आणि दुसऱ्या नावावर बोट ठेवलं.

"आधी हे अकरा," ती म्हणाली. "मला शेवटी सांगा. तोवर जिभेला सवय होईल."